विमानाच्या नळीतली हळद

तुमच्या हाताखाली काम करणारं माणूस आपणहून तुमच्यासमोर येऊन "माझ्याकडून चूक झाली" असं शेवटचं कधी म्हणालं होतं? घाई करू नका, नीट आठवा. आठवत नसेल तर आपल्या कारखान्यात, दुकानात किंवा शाळेत चुका होतच नाहीत असं समजून खूश होऊ नका. चुका होतात. तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, एवढंच.

संपादकांनी माझ्याकडे खरं तर विमान शिकण्याच्या गमती मागितल्या होत्या. त्याही सांगते. गमती भरपूर आहेत, आणि आकाशाचा विषय निघाला की मला कुणीतरी हात धरून थांबवावं लागतं. पण त्या गमतींच्या मधोमध ही एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं मला खोटं वाटेल.

मी विमान चालवायला शिकवते. चिकलठाण्याच्या विमानतळाच्या एका कडेला आमच्या संस्थेचं पत्र्याचं हँगर आहे. हँगर म्हणजे विमानांचं गॅरेज. मोठी विमानं समोर दिमाखात येतात-जातात आणि आमची छोटी, एका पंख्याची, चार माणसांची विमानं कडेला उभी राहून त्यांच्याकडे बघत असतात. याच हँगरमध्ये मी शिकले. आमचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या पदवीचा होता. सकाळी उड्डाण, दुपारी वर्ग. हवामान, दिशाशास्त्र, इंजिन, कायदे, सगळे पेपर, आणि शेवटी एकीकडे पदवी, दुसरीकडे वैमानिकाचा परवाना. लोकांना वाटतं वैमानिक म्हणजे चष्मा लावून बटणं दाबणारा माणूस. निम्मा वेळ तो पुस्तकात डोकं घालून बसलेला असतो.

माझं घर बजाजनगरात. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते, आणि मशीनवर नसायचे तेव्हा युनियनची पत्रकं लिहायचे. शहागंजातल्या छापखान्यातून गठ्ठे घरी यायचे. मी अक्षरं शिकले ती "कामगार बंधू-भगिनींनो" या ओळीवरून. उरलेल्या पत्रकांची मी गच्चीवरून विमानं सोडायचे. "किती दिवस सहन करायचं?" असा मथळा पंखावर घेऊन ती समोरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरायची.

याच काकूंनी, मी प्रवेश घेतल्याचं कळल्यावर, कौतुकानं विचारलं, "म्हणजे तू हवाई सुंदरी होणार का गं?"

"नाही काकू. सुंदरी मागं असते. मी पुढं बसणार."

"पुढं तर ड्रायव्हर बसतो."

"हो, मी ड्रायव्हरच."

"अगं बाई!" त्या हरखल्या. "मग आमच्या ह्यांच्यासारखंच की! हे कंपनीच्या बसवर हायेत ना."

माझ्या कामाचं इतकं बरोबर वर्णन मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

वर्गात माझ्या शेजारी दत्ता बसायचा. दौलताबादचा, किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू-सीताफळाची बाग असलेल्या घरातला. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला. पुस्तकं सगळी इंग्रजी, त्यामुळे आम्ही दोघांनी प्रत्येक गोष्ट आधी मराठीत समजून घ्यायची आणि मग परीक्षेपुरती इंग्रजी करायची, असं ठरवलं. "स्टॉल" या शब्दावर आमचा एक अख्खा दिवस गेला. विमानाचा वेग कमी पडला किंवा नाक फार वर गेलं की पंखाची उचलण्याची ताकद एकदम जाते, त्याला स्टॉल म्हणतात. दत्तानं बराच विचार करून म्हटलं, "पंखानं हवा सोडली. बैल जू सोडतो तशी." त्यानंतर मी तो शब्द कधी विसरले नाही. आज माझ्या विद्यार्थ्यांनाही तसंच सांगते.

हवामानाच्या तासाला सरांनी वादळी ढगाचं चित्र दाखवून विचारलं, "हा ढग दिसला की पहिली कृती काय?"

दत्ता उठून म्हणाला, "सर, हा ढग दिसला की माय वाळवण उचलती."

वर्ग हसला. सरही हसले, आणि म्हणाले, "बरोबर आहे. वैमानिकानंही आपलं वाळवण उचलावं आणि घरी जावं."

आम्हाला उडायला शिकवायचे कॅप्टन जोशी. शहरातल्याच जुन्या, शिकल्यासवरल्या घरातले, बोलणं मोजकं, रागावले की आवाज आणखी खाली जायचा. आणि विमानं सांभाळायचे शफीभाई, हेड मेकॅनिक, शहागंजात राहणारे. त्यांचा आवाज कधीच खाली जायचा नाही. "ए छोकरी, पंखेकू हात कायकू लगाई? वो क्या तेरे घरका टेबलफॅन है क्या?" ही त्यांनी माझ्याशी केलेली पहिली बातचीत.

माझं पहिलं उड्डाण मला जसंच्या तसं आठवतं. इंजिन धडधडलं. धावपट्टीची पांढरी रेघ आधी सावकाश, मग भराभर पोटाखाली शिरू लागली, आणि एका क्षणी चाकांचा खडखडाट थांबला. एवढंच झालं. खडखडाट थांबला. आपण वर गेलो असं वाटलंच नाही, जमीनच कुणीतरी खाली ओढून घेतली असं वाटलं. मी इतक्या जोरात ओरडले की कॅप्टननी हेडफोन कानापासून दूर केला. खाली आमचं शहर, त्यातले दरवाजे, मकबऱ्याचे पांढरे मिनार, लांबवर वाळूजची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. त्यातल्या एका छपराखाली पप्पा प्रेस मशीनवर उभे होते. मला वाटलं, एक गठ्ठा पत्रकं आणायला हवी होती.

आता हळदीकडे येते.

आमच्या भागात खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. शेतात नांगराची, घरात विळी-सुरीची, वाळूजमध्ये झाडून सगळ्या मशीनची. त्या दिवशी प्रेस मशीनला झेंडूचा हार असतो आणि साहेबसुद्धा मशीनसमोर चपला काढून उभा राहतो. मग आमच्या हँगरमध्ये विमानाची पूजा होणारच. तिसऱ्या वर्षाच्या खंडेनवमीला पुढाकार दत्ताचा होता. पंख्याला हार, चाकांखाली लिंबू, दारांवर स्वस्तिक. शफीभाईंनी स्वतः पेढे आणले होते. "मशीनकी इज्जत करना. रोटी इसीसे है अपनी," असं म्हणून त्यांनी पंख्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मी बाजूला उभी राहून यंत्राची पूजा म्हणजे यंत्र समजून न घेण्याची सोय, असं काहीतरी भाषण देत होते. पेढे मात्र दोन खाल्ले.

विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक पोकळ नळी पुढं तोंड करून असते. पिटो ट्यूब म्हणतात तिला. विमान पुढं जायला लागलं की समोरची हवा त्या नळीत शिरते, आणि ती किती जोरानं शिरते त्यावर वैमानिकासमोरचा वेगाचा काटा हलतो. रस्त्यावरच्या गाडीचा वेग चाकांवरून कळतो. विमानाला चाकांचा काही उपयोग नाही, त्याला हवेतला वेग लागतो, आणि तो सांगणारी ही एवढीशी नळी. ती बंद झाली तर वेग कळत नाही. वेग कळला नाही तर पंख हवा कधी सोडेल तेही कळत नाही. म्हणून विमान उभं असताना नळीवर लाल फीत लोंबणारं कव्हर घालतात, गांधीलमाशीसुद्धा आत जाऊ नये म्हणून.

पूजेसाठी एकानं ते कव्हर काढलं. देवाचं तोंड झाकून पूजा करतात का? दत्तानं वाटीत कालवलेली ओली हळद आणि कुंकू सगळीकडे लावलं, नळीच्या टोकालाही लावलं, वर दोन अक्षता चिकटवल्या. संध्याकाळी शफीभाईंनी विमान पुसलं. हळदीचे डाग काढताना नळीच्या टोकावरही फडकं फिरवलं. टोक चकचकीत झालं. ओली हळद आणि एक तांदूळ त्या फडक्याबरोबर आत सरकले आणि रात्रीतून सुकून घट्ट बसले. कव्हर परत लागलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दत्ताला त्या सकाळी दौलताबादच्या बाजूला सरावाला जायचं होतं. कॅप्टन शेजारी आणि मी मागच्या सीटवर, बघून शिकायला. आमच्यासाठी हे नेहमीचं उड्डाण होतं, पण दत्ताच्या घरी सण होता. त्याच्या मायनं पेरूच्या बागेतल्या मोकळ्या तुकड्यात पांढरं धोतर अंथरलं होतं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. वरून लेकराला आपलं शेत ओळखू यावं म्हणून. अख्खी आळी बांधावर येऊन बसली होती.

दत्तानं विमानाला फेरी मारून तपासणी केली. कव्हर काढलं, नळीचं टोक बघितलं. चकचकीत.

धावपट्टीवर वेग घेताना ठरलेल्या गोष्टी मोठ्यानं बोलायच्या असतात. त्यातली एक म्हणजे वेगाचा काटा हलायला लागला की "एअरस्पीड अलाइव्ह" म्हणायचं, काटा जिवंत आहे. आम्ही ते इतक्या वेळा म्हटलेलं असतं की तोंड आपोआप म्हणतं. त्या सकाळी विमान सुटलं, पांढरी रेघ पळायला लागली, माझी नजर त्याच्या खांद्यावरून काट्यावर होती. काटा शून्यावर. रेघ आणखी जोरात पळत होती. काटा शून्यावर. मला वाटलं आता दत्ताचं तोंड आपोआप म्हणणार, अलाइव्ह.

"सर, काटा मेलाय!" दत्ता ओरडला, आणि कॅप्टनचा हात पोचायच्या आत त्यानं इंजिन कमी करून ब्रेक लावले. मी पुढच्या सीटवर आदळले. विमान थोडं डुलत, कुरकुरत, पट्टीच्या शेवटाच्या बऱ्याच आधी थांबलं.

कॅप्टननी टॉवरला उड्डाण थांबवल्याचं कळवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे फार चांगलं केलंस."

परत आल्यावर शफीभाईंनी नळी खोलली आणि पांढऱ्या कागदावर आपटली. पिवळी भुकटी पडली, आणि एक तांदूळ. शफीभाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "या अल्ला. ये तो कलकी हल्दी है."

दत्तानं तिथूनच घरी फोन लावला. "माय, आज इमान नाय येत."

"का रं? बरा हायेस ना?"

"बरा हाय. मशीनला थोडं काम निघालं."

"मग उद्या ये. धोतर तसंच ठिवते."

दुपारी संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. पुढच्या तुकडीच्या प्रवेशाचे दिवस होते, पालक येऊन हँगर बघत होते, आणि संचालकांना एकच काळजी होती, संस्थेच्या नावाची. त्यांनी विचारलं, "हा मूर्खपणा कुणी केला?"

 दत्ता उभा राहिला. "सर, नळीला हळद म्या लावली."

"उद्यापासून यायचं नाही. विद्यापीठाला मी कळवतो, बेशिस्तीबद्दल कमी केलं म्हणून. आणि आजचं उड्डाण हवेमुळे रद्द झालं, एवढंच बाहेर सांगायचं. विषय संपला."

आकाश त्या दिवशी काचेसारखं स्वच्छ होतं.

बाहेर आल्यावर दत्ता हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "जाऊ दे. बाग तर हायेच." तिसरं वर्ष, उड्डाणाचे बहुतेक तास झालेले, परीक्षा तोंडावर. आणि तिकडे शेतात धोतर अंथरलेलं. त्यानं मायला काही सांगितलं नाही. ती रोज सकाळी धोतरावरची पानं झटकायची आणि वर बघायची.

मी पेटले. माझ्यासारखीनं दुसरं काय करायचं? त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता, "विमानाचा बळी, की विद्यार्थ्याचा?" त्यात संचालकांना मी सरंजामदार म्हटलं, शिक्षणसम्राट म्हटलं, आणि जाता जाता अंधश्रद्धेवरही दोन परिच्छेद झोडले. पप्पांनी वाचलं असतं तर मिठीच मारली असती, असं मला वाटत होतं. छापायला देण्याआधी दत्ताला दाखवलं.

तो वाचत वाचत अंधश्रद्धेच्या परिच्छेदाशी थांबला. "मुक्ता, हे काढ."

"का? खरंच आहे ते."

"माह्या बापानं जन्मभर नांगराला हळद लावली. नांगर कधी आडवा गेला नाय. हळद लावली म्हणून चुकलं नाय, नळीत गेली म्हणून चुकलं. तुला भांडायचं कुणाशी हाय? साहेबाशी का माह्या मायशी?"

मला राग आला. मी ते घेऊन तडक कॅप्टन जोशींकडे गेले. त्यांनी शांतपणे, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचलं.

"लिहितेस छान," ते म्हणाले. "यात पिटो ट्यूब कुठं आहे?"

"सर?"

"नागपूरला, बारामतीला, कुठंही एखाद्या हँगरमध्ये पुढच्या खंडेनवमीला पूजा होणार आहे. तिथल्या मुलानं तुझं हे पत्रक वाचलं, तर त्याला काय कळेल? की आमचे संचालक वाईट आहेत. ते कळून त्याचा जीव वाचणार आहे का?"

"पण सर, दत्तावर अन्याय झालाय!"

"झालाय. आणि आणखी एक झालंय, ते तुझ्या लक्षात आलं नाही. आज एका मुलानं खरं सांगितलं आणि त्याला घरी बसवलं. उद्यापासून या हँगरमध्ये मला कुणीही काहीही सांगणार नाही. मी अशा हँगरमधून विमान उडवू शकत नाही."

घरी आले तेव्हा पप्पा जेवत होते. मी सगळं सांगितलं, पत्रक पुढं केलं. मला वाटलं ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी पाणी पिऊन ते वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

"आमच्या खात्यात मशीनमध्ये कुणाची बोटं गेली," ते म्हणाले, "की चौकशीत पहिला प्रश्न असायचा, हात कुणी घातला? आमच्या बाजूनं आम्हीही तेच विचारायचो, मालक कोण, मॅनेजर कोण. दोन्ही बाजूंनी 'कोण, कोण'. आणि शेवटी तो 'कोण' खालचाच निघायचा. बोटं गेलेला. पण मशीनची जाळी काढल्याशिवाय हातच आत जात नाही. जाळी का काढलेली होती? तर जाळी लावली की काम सावकाश होतं, आणि वरून आकडा ठरवलेला. आम्ही हे ज्या पत्रकात लिहिलं ना, तेवढंच एक पत्रक साहेबाच्या टेबलापर्यंत गेलं. बाकीची तू विमानं करून उडवलीस."

मी पत्रक फाडलं नाही. माझं पहिलं पत्रक आहे, जपून ठेवलंय, आणि त्यातला राग मला आजही पटतो. फक्त त्या रागाला काम दिलं. नवीन पत्रकाचा मथळा होता, "पिटो ट्यूबमध्ये हळद कशी गेली?" त्यात एकही विशेषण नव्हतं. कव्हर पूजेसाठी निघालं. ओली हळद टोकाला लागली. पुसताना आत सरकली. टोक चकचकीत दिसलं, म्हणून तपासणीत कळलं नाही. धावताना काटा हलला नाही. विद्यार्थ्यानं काटा मेल्याचं सांगून विमान थांबवलं. पूजेनंतर वेगळी तपासणी करायची पद्धत हँगरमध्ये नव्हती. खाली मी जागा सोडली आणि लिहिलं, "या साखळीत मी कुठं होतो?"

दुसऱ्या दिवशी ते हँगरच्या फळ्यावर लावलं आणि शेजारी दोरीला पेन बांधला. सकाळभर कुणी जवळ गेलं नाही. दुपारी शफीभाई हात पुसत आले, मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि त्यांच्या वळणदार उर्दू अक्षरात काहीतरी लिहिलं. मग मला म्हणाले, "लिख नीचे मराठीमें. कपडा मैं मारा. टोकपे मैं मारा." ज्यानं कव्हर काढलं होतं त्या मुलानं लिहिलं. जिनं हळद जास्त पातळ कालवली होती तिनंही लिहिलं, तिची काहीच चूक नव्हती तरी. मी मागच्या सीटवरून काय पाहिलं ते लिहिलं. सगळ्यात शेवटी कॅप्टन जोशींनी खिशातून पेन काढला: "पूजेनंतर नळी उघडून तपासायला मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

त्यांनी फळ्यावरचा तो कागद उतरवला आणि संचालकांच्या टेबलावर ठेवला. आम्ही दाराबाहेर उभे होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"साहेब, हळद लावणाऱ्याला काढायचं असेल तर यातल्या सगळ्यांना काढावं लागेल. पहिल्यांदा मला. आणि थांबवलेलं उड्डाण नियमाप्रमाणे सरकारी खात्याला कळवावंच लागतं. मी कळवणार आहे, यात आहे तसंच. हवा खराब होती असं मी लिहिणार नाही."

"मुलांसमोर हे शोभतं का तुम्हाला?"

"मुलांसमोरच शोभतं."

संचालकांनी माफी मागितली नाही. असे लोक मागत नाहीत, आणि मला तिची वाट बघत बसण्यात वेळ घालवायचा नव्हता. विद्यापीठाला पाठवायचं पत्र गेलंच नाही. सरकारी खात्याचे अधिकारी आले, त्यांनी दत्ताला तासभर प्रश्न विचारले, सगळे "कसं" आणि "केव्हा"चे, आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दिवाळीच्या तोंडावर दत्ता परत विमानात बसला. तीच सीट, तेच कॅप्टन, मागं मी.

पांढरी रेघ पळायला लागली. माझी नजर काट्यावर होती.

"एअरस्पीड..." दत्ता थांबला. काटा थरथरला, सरकला, चढायला लागला. "अलाइव्ह! अलाइव्ह, सर!"

"एकदाच म्हणायचं असतं," कॅप्टन म्हणाले. आवाजात हसू होतं.

शहर मागं पडलं. किल्ल्याचा डोंगर समोर आला, उलट्या वाटीसारखा, कडेनं तासलेला. आम्ही खाली धोतर शोधत होतो. धोतर कुठंच नव्हतं. इतक्या दिवसांत धुळीनं आणि दहिवरानं ते मातीच्या रंगाचं झालं असणार. दत्ताचा चेहरा पडला. आणि मग वळण घेताना पंख कलला, आणि त्याच्या खाली, हिरव्या बागेच्या मधोमध, आम्हाला दिसलं. लाल, हिरवी, निळी, जांभळी, आळीतल्या बायांची सगळी लुगडी एकाला एक लावून अंथरली होती. मधोमध एक ठिपका उभा होता, दोन्ही हात वर करून.

"माय!" दत्ता ओरडला. "ती माय हाय! माहं शेत हाय ते, सर!"

"पंख हलव," कॅप्टन म्हणाले. "उंची सोडू नकोस."

दत्तानं पंख डावीकडे, उजवीकडे हलवले. नियमात बसत होतं त्याहून एक वीतही आम्ही खाली गेलो नाही. खालचा ठिपका उड्या मारत होता. मी मागच्या सीटवर रडत होते आणि हसत होते, आणि हेडफोनमध्ये ते सगळं दोघांना ऐकू जात होतं.

संध्याकाळी फोनवर माय म्हणाली, "लई खाली नाय आला तू. साड्या इस्कटल्या असत्या, बरं झालं."

दत्ता आज दुसऱ्या शहरात मोठं विमान उडवतो. शफीभाई निवृत्त झाले, तरी खंडेनवमीला पेढे घेऊन येतात. आमच्या हँगरमध्ये पूजा अजून होते, जोरात होते. मी आता भाषण देत नाही. हळद कोरडी, कव्हरांवर, आणि नळीला हात नाही. पूजा झाली की आम्ही नळी उघडून तपासतो, आणि त्या दिवशी ज्याला काही चुकल्यासारखं वाटेल त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं, असा नियम आहे. परवाच एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. चेहरा पांढरा. म्हणाली, "मॅडम, इंधनाच्या टाकीचं झाकण मी नीट फिरवलं नव्हतं. आत्ता आठवलं." विमान अजून उभंच होतं. मी तिला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "बरं, कसं झालं ते सांग." ती सांगत होती आणि मला इतका आनंद होत होता की तिला वाटलं असेल या बाईचं डोकं फिरलंय.

आता तुमच्याकडे येते. परवा लक्ष्मीपूजनाला तुम्ही दुकानातल्या काट्याला, गाडीला, मशीनला हळदीकुंकू वाहाल. वाहा. चावी फिरवायच्या आधी हार उतरवा, आणि हळद कुठं शिरली का ते बघा. मग तुमच्याकडे काम करणाऱ्यांना जवळ बोलवा, फराळाची ताटली पुढं करा आणि त्यांना विचारा, या वर्षी आपल्याकडे काय चुकलं? कुणीतरी घाबरत घाबरत तोंड उघडेल. त्या क्षणी तुमच्या जिभेवर "कुणी केलं?" येईल. तो शब्द गिळा. "कसं झालं?" असं विचारा, आणि तो सांगत असेपर्यंत मध्ये बोलू नका.